काही सांगितलं नाही तर

माझ्या आयुष्यातलं एकमेव प्रेमपत्र एकशे बत्तीस कॉलमच्या प्रिंटरवर छापून आलं, आणि ते माझ्याआधी सगळ्या ऑफिसने वाचलं. लिहिणारे आम्ही दोघं होतो, पण आपण पत्र लिहितोय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली आहे. तेव्हा मी बोरिवलीला आईबाबांकडे राहत होते आणि अंधेरीला, मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्रोग्रॅमरची नोकरी करत होते.

प्रोग्रॅमर म्हणजे नक्की काय करतो, हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. गिरणीची नोकरी सुटल्यावर ते बाभईच्या एका हार्डवेअरच्या दुकानात लागले होते. कोणी विचारलं की ते सांगायचे, "पोरगी मशीनवर आहे." त्यांच्या लेखी मशीनवरचा माणूस म्हणजे इज्जतीचा माणूस. त्यामुळे पुढचं समजावत बसायची गरज मला कधी पडली नाही.

आमचा गाळा तिसऱ्या मजल्यावर होता आणि बरोबर खाली प्लास्टिकचे कंगवे बनायचे. काचेच्या खोलीत एसीमध्ये एकुलता एक कॉम्प्युटर. चपला बाहेर काढल्याशिवाय त्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. खोलीबाहेर सहा टर्मिनल, त्या सगळ्यांचं डोकं तो एकटा. खालच्यांनी कंगव्यांचं मोठं मशीन चालू केलं की आमचे दिवे एकदा मंद व्हायचे आणि कॉम्प्युटर चाललेलं काम टाकून द्यायचा. दिवसातून चार वेळा तरी असं व्हायचं. खालच्यांशी भांडायला मलाच पाठवत, कारण मी फटकळ. तोंडाला फटकळ म्हणून मी शाळेपासून प्रसिद्ध आहे आणि मला त्याचा अभिमानही होता.

तेव्हा आम्ही विदर्भातल्या एका सिमेंट कारखान्यासाठी सुट्या भागांच्या गोदामाचा प्रोग्रॅम लिहीत होतो. एक मोठा प्रोग्रॅम म्हणजे दोनशेच्या वर लहान फाइली. त्या सगळ्या ठरावीक क्रमाने मशीनला समजेल अशा भाषेत करायच्या आणि एकमेकींना जोडायच्या. हे हाताने करायला गेलं तर माणूस वेडा होईल, म्हणून त्यासाठी एक वेगळा प्रोग्रॅम असतो. कोणती फाइल बदलली, कोणती आधी घ्यायची, हे तो बघतो. आमच्या ऑफिसात त्या सगळ्या प्रकाराला बांधकाम म्हणायचे. "थांब जरा, माझं बांधकाम चाललंय," असं कोणी म्हटलं की नव्या माणसाला वाटायचं, यांचं घर होतंय कुठेतरी.

बांधकाम सुरू होण्याआधी तो प्रोग्रॅम एक फाइल वाचतो. काम कसं करायचं याच्या सगळ्या सवयी त्यात लिहिलेल्या असतात. प्रोग्रॅमबरोबर टेपवर जी फाइल आयती आली होती ती कोणा श्रीमंताच्या घरची होती. तिला वाटायचं की मशीन मोठं आहे, वीज कधी जात नाही, आणि प्रत्येकाला वेगळी खोली आहे. आमच्या गाळ्यात तिचं काही जमेना. अर्ध्यावर बंद पडायचं, एकाचं काम दुसऱ्याच्या डोक्यावर बसायचं. शेवटी साहेब वैतागला. आमचा साहेब म्हणजे पस्तिशीचा, कायम शर्टाच्या बाह्या दुमडलेला माणूस. त्याने मला आणि शेजारच्या टर्मिनलवाल्याला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाला, "आपल्यापुरती नीट करून घ्या. पायाभरणी तुम्ही दोघं करा."

शेजारचा टर्मिनलवाला म्हणजे तोच. घाटकोपरला राहायचा. वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते, आजोबा अकोल्याकडून आलेले. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा, आणि बोललाच तर हळू. मी एका वाक्यात तीन माणसं दुखवायचे, तो तीन दिवसांत एक वाक्य बोलायचा. संध्याकाळी आम्ही इस्टेटच्या गेटपर्यंत बरोबर चालत यायचो. तिथून त्याची साकीनाक्याकडची बस रस्त्याच्या पलीकडे आणि माझी अंधेरी स्टेशनची अलीकडे. समोरासमोर उभे राहायचो. मधून ट्रक जायचे. माझी बस आधी आली की मी मुद्दाम सोडायचे आणि गर्दी होती असं स्वतःला सांगायचे.

पायाभरणीचं काम सोपं होतं आणि आम्ही ते पंधरा दिवस पुरवलं. पहिला नियम त्याने सुचवला. एक फाइल सगळ्या घराची, आणि मग प्रत्येकाची आपापली छोटी फाइल. आपल्या फाइलीत जे लिहिलं असेल ते आधी. तिथे काही नसेल तर घरच्या फाइलीत बघायचं. तिथेही नसेल तर टेपवरून आलं ते. त्याने मला कागदावर काढून दाखवलं आणि म्हणाला, "म्हणजे कोणी काही सांगितलं नाही तर काय धरायचं, ते आधी ठरवून ठेवायचं."

मग आम्ही वही घेऊन एकेकाला विचारत फिरलो. आमच्यात एक काका होते, पंचकार्डांच्या जमान्यापासूनचे. पडद्यावर दिसतं ते खरं नसतं, कागदावर येतं ते खरं, असं त्यांचं मत. त्यांनी सांगितलं की मशीन जी जी फाइल उघडेल तिचं नाव प्रिंटरवर आलं पाहिजे. ज्येष्ठ माणूस, म्हणून ते घरच्या फाइलीत घातलं. दिवे मंद होण्यावरही आम्ही उपाय काढला. बांधकाम कशानेही अडलं तर न विचारता पहिल्यापासून परत सुरू करायचं. त्या दिवशी मी खाली जाऊन कंगवेवाल्यांना सांगून आले की आता खुशाल मशीन लावा, आमचं काही अडत नाही.

माझ्या स्वतःच्या फाइलीत तीन गोष्टी होत्या. एक, सगळ्यात लहान फाइल आधी घ्यायची, कारण आमच्या घरी आई सगळ्यात लहान्याला आधी वाढायची आणि मला तेच बरोबर वाटायचं. दुसरी, सुरू करण्याआधी मशीनने मला विचारायचं, 'चालू करू?' रोमन अक्षरांत. मी उतावळी, हात आधी आणि डोकं मागून, म्हणून ते हवं होतं. तिसरी, काम संपलं की दोन बीप. मी डबा धुवायला पॅसेजमध्ये गेलेली असायचे आणि कंगव्यांच्या आवाजात एक बीप ऐकू यायचा नाही.

"आणि तुझं काय लिहू?" मी त्याला विचारलं.

"मला काही नको. आहे ते चालेल."

"असं कसं? काहीतरी सांग ना."

"खरंच काही नको गं."

या माणसाचा मला इतका राग यायचा की काय सांगू. त्याची फाइल तशीच कोरी राहिली.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, गेटपाशी त्याने ती बातमी सांगितली. सिमेंट कारखान्यात आपला एक माणूस कायमचा हवाय. क्वार्टर देतायत. साहेबांनी त्याला विचारलंय आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय. मी म्हटलं, "मग?"

"आईला बरं वाटेल. गावाकडचे लोक जवळ येतील." मग म्हणाला, "बघू. कोणी नको म्हणालं तर नाही जाणार."

कोणी म्हणजे कोण, हे मला कळत होतं. तोही बहुतेक तेच सांगत होता. त्याची बस आली. मला वाटलं, सोमवारी सांगू. महिना संपायला अजून पंधरा दिवस होते.

शनिवारी अर्धा दिवस. तो लवकर गेला, मी उगीच मागे राहिले. माझी फाइल उघडली, तीन ओळी पुन्हा वाचल्या, आणि खाली चौथी ओळ घातली. एवढीच, की बाकी सगळं त्याच्या फाइलीतून घे. त्याची फाइल कोरी होती, तिच्यातून मिळणार काहीच नव्हतं. तरी घातली. ती ओळ लिहिताना माझे कान गरम झाले होते हे मला अजून आठवतं. फटकळ बाईला जे तोंडाने जमेना ते तिने असं केलं.

सोमवारी मी दहाला पोचले. तो आधीच आला होता, पण चहा प्यायला खाली गेला होता. मी बसले आणि बांधकाम सुरू केलं.

'चालू करू?' आलंच नाही. त्याऐवजी काचेच्या खोलीतला प्रिंटर सुरू झाला आणि थांबेना. मशीनवर आमची नावं दोन-दोन अक्षरांची असायची. कागदावर माझी दोन अक्षरं आली, खाली त्याची दोन, मग माझी, मग त्याची. एक पान भरलं, दुसरं भरलं. त्या प्रोग्रॅमला एका फाइलीतून दुसरीत असं फार खोल जाऊ दिलेलं नव्हतं, काही पायऱ्या उतरल्या की तो हात टेकून थांबायचा. पण थांबलं की पहिल्यापासून परत सुरू कर, असं आम्हीच त्याला शिकवलं होतं. आणि उघडलेली प्रत्येक फाइल कागदावर आली पाहिजे, हा काकांचा हट्ट होता. त्यामुळे तो थांबायचा, दम घ्यायचा आणि पुन्हा माझी दोन अक्षरं, त्याची दोन अक्षरं.

काय झालंय ते मला दुसऱ्याच पानाला समजलं. त्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला होता आणि त्याने आपल्या कोऱ्या फाइलीत एकच ओळ लिहिली होती. सगळं हिच्या फाइलीतून घे. मी त्याच्याकडे बोट दाखवलेलं, त्याने माझ्याकडे, आणि मशीन बिचारं दोघांमध्ये येरझाऱ्या घालत होतं. मला इतका आनंद झाला की प्रिंटर बंद करायचं सुचलंच नाही. तेवढी दोन-तीन मिनिटं माझ्या आयुष्यातून कोणी काढून घेऊ शकणार नाही.

काकांनी कागद फाडून घेतला, चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागले. आमच्यात मुलुंडची एक होती, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, मनाने वाईट नाही पण जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "अगं ही तर पत्रिकाच छापून आली. मुहूर्त कधीचा?" सगळे हसले. तेवढ्यात तो दारात आला, चपला काढता काढता थांबला. कागद बघितला आणि त्यालाही समजलं. तोही हसला. इतकं मोकळं हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मग मुलुंडची म्हणाली, "पण घरी आडनाव सांगितलंस का गं त्याचं?"

ती थट्टाच करत होती. पण हसणं कमी झालं. काका कागदाची घडी घालायला लागले. त्याच्या घरचे बौद्ध, आम्ही कोकणातले मराठे, आणि हे तिथल्या प्रत्येकाला हजेरीच्या वहीतून पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांपुढे बाबांचा चेहरा आला. दुकानातून आल्यावर पंखा लावून बसतात तसे ते बसलेत आणि मी त्यांना हे सांगतेय. मी घाबरले. याला दुसरा चांगला शब्द मी पुष्कळ वर्षं शोधला, पण नाही.

साहेब केबिनमधून बाहेर आला. "दोघांपैकी एकाची ओळ काढा रे आणि चालू करा. क्लायंटचा माणूस येतोय."

तो माझ्या खुर्चीजवळ आला आणि हळू विचारलं, "कोणाची काढायची? तू सांग."

काहीही बोलले असते तरी चाललं असतं. माझ्या मनात अगदी स्पष्ट होतं. माझी काढते, कारण माझ्या फाइलीत निदान तीन ओळी तरी आहेत. त्याची राहू दे. मग ती माझ्याकडेच बघत राहील, मशीन अडणार नाही आणि आमचंही. एवढं सगळं मनात होतं, आणि त्यातलं मला फक्त म्हणायचं होतं, 'तुझी राहू दे.' पण सगळे बघत होते. मी मान खाली घालून माझी चौथी ओळ पुसली. तो म्हणाला, "तू काढलीस?" आणि मी, जी कंगवेवाल्यांशी भांडायला एकटी जायचे, ती म्हणाले, "कोणीतरी काढायलाच हवी होती."

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

प्रोग्रॅम चालला. 'चालू करू?' आलं, मी हो म्हटलं, आणि काही वेळाने दोन बीप झाले.

पुढचे बारा दिवस मी रोज सांगणार होते. रोज गेटपर्यंत बरोबर चाललो. एकदा त्याने वर्सोव्याच्या होडीचा विषय काढला. घाटकोपरला वाढल्यामुळे खाडीपलीकडे मढला तो कधी गेला नव्हता, आणि मी कोकणातली, मासे ओळखणारी, म्हणून त्याला माझ्याबरोबर जायचं होतं. मी म्हटलं, जाऊ या रविवारी. रविवारी घरी पाहुणे होते असं मी सोमवारी सांगितलं. पाहुणे नव्हते. मी दिवसभर घरात तांदूळ निवडत बसले होते आणि आईने विचारलं, तुझं काही दुखतंय का.

महिनाअखेरीला त्याने साहेबांना हो सांगितलं. निघायच्या दिवशी ऑफिसने त्याला पेनचा सेट दिला आणि कंगवेवाल्यांनी एक डझन कंगवे. संध्याकाळी गेटपाशी आलो. तो पलीकडे, मी अलीकडे. त्याच्या हातात कंगव्यांची पिशवी होती, ती त्याने उंच करून दाखवली आणि मी हसले. मग त्याची बस आली. दोन पत्रं आली, ऑफिसच्या पत्त्यावर, सगळ्यांना उद्देशून. मग तीही नाहीत.

त्याची फाइल मी त्यानंतर उघडली नाही. कधीही उघडता आली असती, सगळ्यांच्या फाइली सगळ्यांना वाचता यायच्या. पण ती ओळ अजून असेल तर मी काय करणार होते? आणि नसेल तर ते मला बघायचं नव्हतं. तीन वर्षं मी त्याच्या दोन अक्षरांच्या बाजूने गेले आणि आत डोकावले नाही.

दशक संपत आलं तेव्हा नवं मशीन आलं, टेबलावर मावणारं. जुन्यावरचं सगळं त्यावर न्यायचं काम साहेबाने मला दिलं. मुलुंडची तोवर नोकरी सोडून गेली होती, काका निवृत्त झाले होते. माझं लग्न ठरलं होतं. एकेकाची फाइल उघडायची, हवी का नको ठरवायचं, नको ती पुसायची. त्याच्या फाइलीपाशी आले आणि आता पळायला जागा नव्हती.

ती ओळ नव्हती. माझ्याकडे बोट दाखवणारी ती एक ओळ त्याने काढली होती. तिच्या जागी तीन ओळी होत्या. सगळ्यात लहान फाइल आधी घे. सुरू करण्याआधी विचार, 'चालू करू?' संपल्यावर दोन बीप. माझ्याच तीन ओळी, माझ्याच क्रमाने, एकेक अक्षर हाताने उतरवलेल्या. त्याला यातलं काहीच नको होतं. तो उतावळा नव्हता, पॅसेजमध्ये डबा धुवायला जात नव्हता.

फाइल शेवटची कधी बदलली ते मशीन सांगतं. तो निघाला त्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती. म्हणजे ते बारा दिवस, आणि त्यानंतर निघेपर्यंतही, ती ओळ जागेवर होती. रोज सकाळी त्याचं बांधकाम मला विचारून होत होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्याने ती काढली. त्याचं कारण कळायला मला पुन्हा वाचावंही लागलं नाही, मी तेच काम करत होते. तिकडच्या मशीनवर माझी फाइल नसणार होती. बोट दाखवायला तिथे मी नव्हते, म्हणून त्याने माझं सगळं बरोबर नेण्यासाठी उतरवून घेतलं होतं.

मी काचेच्या खोलीत गेले, प्रिंटरच्या मागे उभी राहिले आणि रडले. एसीचा आवाज होता, कोणाला कळलं नाही. 'तुझी राहू दे' एवढं म्हणायला मला तीन वर्षं उशीर झाला होता.

त्याची दोन अक्षरं नव्या मशीनवर नव्हती, त्यामुळे ती फाइल नियमाने पुसायला हवी होती. मी ती पुसली नाही. नव्या मशीनवर सगळ्या घराची जी फाइल असते, तिच्या जागी ठेवली.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी त्या ऑफिसात होते. नवऱ्याशी माझं बरं चाललंय, मुलं झाली, बाबा गेले. बाबा जायच्या आधी एकदा मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते पंख्याखाली बसले होते. म्हणाले, "तू विचारलंस कुठे मला?" खरंच, विचारलं नव्हतं. माझ्या मनातल्या बाबांचा नकार मी माझा मीच धरून चालले होते.

नवीन पोरं यायची, आपली फाइल करायचा कंटाळा करायची, आणि त्यांच्या मशीनवर आपोआप घरच्या सवयी यायच्या. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, काम झालं की हे दोनदा का वाजतं? एकदा पुरे ना. खालचा तो कारखाना पण आता नाही."

"नको असेल तर तुझ्या फाइलीत तसं लिही," मी म्हटलं. "काही सांगितलं नाहीस तर असंच होणार."